पंतांचे ऑपरेशन

बोक्याची नसबंदी झाली की मालक पहिला प्रश्न जखमेबद्दल विचारत नाही. "डॉक्टर, आता हा गप बसंल ना?" असे विचारतो, आणि विचारताना त्याची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे जाते. संध्याकाळपर्यंत फरक पडला तर त्याला हवा असतो.

जनावरांच्या डॉक्टरकीत मी चाळीस वर्षे काढली. त्यातली बरीचशी सरकारी दवाखान्यांत, गाईबैलांबरोबर. आणि निवृत्तीनंतरची उस्मानपुऱ्यातल्या माझ्या छोट्या दवाखान्यात, कुत्र्यामांजरांबरोबर. त्या दवाखान्यात वरच्या प्रश्नाला माझे एकच उत्तर असे, "सहा आठवडे थांबा." हे मी इतक्या वेळा म्हटले की माझा मदतनीस शेषराव मी तोंड उघडायच्या आधीच ते सांगून मोकळा व्हायचा. हे उत्तर अपुरे आहे, हे मला दवाखाना सोडल्यावर स्वतःच्या घरात कळले. म्हणून हे लिहायला बसलो. हल्ली मी हळू लिहितो. एक पान व्हायला दोन दिवस लागतात.

सहा आठवडे का, ते आधी सांगतो. बोक्याला रात्ररात्र बाहेर हिंडवणारे, दुसऱ्या बोक्यावर तुटून पडायला लावणारे, दारावर आणि भिंतीवर घाणेरड्या वासाच्या पिचकाऱ्या मारायला लावणारे जे काही रक्तात असते, ते तयार होणे ऑपरेशनच्या दिवशी थांबते. आधीचे उरलेले ओसरायला काही दिवस लागतात. सवय त्याहून उशिरा जाते, आणि कधी कधी थोडी मागे उरते. शेतकऱ्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. गोऱ्हा वेळेवर बडवला, म्हणजे खच्ची केला, तर बैल गरीब निघतो. तोच चार वर्षे मोकळा हिंडवून मग बडवला, तर औताला चालतो, पण शेजारच्या दावणीकडे शिंगे रोखायचे विसरत नाही. शहरातल्या माणसाला मात्र हे दर वेळी नव्याने सांगावे लागे.

गुलमंडीतले एक कापड दुकानदार एकदा त्यांचा पिवळा बोका टोपलीत घालून, वर पडद्याचे कापड बांधून घेऊन आले. बोक्याने गल्लीतल्या तीन घरांशी त्यांचे बोलणे बंद केले होते. बायका अशा वेळी "दुखेल का?" विचारतात. पुरुष काही विचारत नाहीत, फक्त गुडघे जुळवून उभे राहतात. हे गृहस्थही तसेच उभे होते. मग खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाले, "डॉक्टर, निम्मंच केलं तर?"

"निम्मं म्हणजे?"

"म्हणजे एक राहू द्या. अगदीच सगळं काढून घेणं बरं दिसत नाही. शेवटी तो बी मर्दच आहे."

मी काही बोलायच्या आत शेषराव म्हणाला, "शेटजी, दोन बल्बांतला एक काढला म्हणून खोलीत अंधार व्हतो का? गडी तेवढाच भांडंल."

शेटजी टोपली उचलून गेले. महिन्याने परत आले तेव्हा पट्टी त्यांच्याच मनगटाला होती. "दोन्ही काढा," एवढेच म्हणाले. पुढे दोनेक महिन्यांनी तक्रार घेऊन आले की बोका आता गादीवर गिऱ्हाइकाच्या मांडीत जाऊन बसतो, साडी उलगडू देत नाही. ही तक्रार मी आजवरच्या माझ्या प्रशस्तिपत्रकांत धरतो.

अशी शेकडो मांजरे माझ्या हाताखालून गेली. उस्मानपुऱ्यातल्या भटक्या बोक्यांपैकी कानाचे टोक कापलेला बोका दिसला, की तो बहुधा माझ्याकडे येऊन गेलेला असे. कान कापतो ते खूण म्हणून, पुन्हा त्याला कोणी पकडून टेबलावर घेऊ नये म्हणून. एकच बोका असा होता, की ज्याला मी हात लावला नाही. तो माझ्या घरात राहत होता.

माझी पत्नी सुधा मागच्या माघात गेली. पंत तिचा. नऊ वर्षांपूर्वी दवाखान्याच्या पायरीवर कोणीतरी खोक्यात सोडून दिलेले पांढरे पिल्लू, कपाळावर काळा उभा डाग, गंध लावल्यासारखा. सुधाने बघताक्षणी त्याला पंत म्हटले आणि त्याच दिवशी मला बजावले, "हा दवाखान्याची पायरी पुन्हा चढणार नाही. लस टोचायची ती घरी टोचा. सुरी लावायची नाही."

मी वाद घातला नाही. ती असे का म्हणते ते मला माहीत होते. लग्नानंतर आमची पहिली बदली अजिंठ्याच्या बाजूला एका गावी झाली. क्वार्टर दवाखान्याच्या मागेच. आठवड्यातून एकदा तिथे गोऱ्ह्यांचे खच्चीकरण असे. हातभर लांबीचा लोखंडी चिमटा असतो. कातडी न कापता आतली शीर त्याने चेचायची. तेव्हाही शेषरावच माझ्या हाताखाली; दोर त्याच्या हातात, चिमटा माझ्या. त्या काळी आमच्याकडे बैलाला त्यासाठी भूल देत नसत. औषध नसे, आणि ते हवे असे कोणाला वाटतही नसे. मलाही वाटले नाही. हे लिहून ठेवतो, कारण आज ते मला खुपते. त्या दिवशी सुधा स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्यायची, भर उन्हाळ्यातही. मी जेवायला गेलो की वाढायची, पण माझ्या हातांकडे बघायची नाही.

तर पंत राहिला तसाच. खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत सुधा वाचत बसायची, पंत तिच्या मांडीवर, नाहीतर खिडकीच्या कठड्यावर. बाहेर जायचा, यायचा. कधीमधी कान फाटून यायचा. पिचकारी मारलीच तर बाहेर, अंगणाच्या कोपऱ्यात. सुधा बादलीभर पाणी ओतून मोकळी. तक्रार म्हणून नव्हती.

ती गेली त्याच सुमारास गल्लीत नवाब आला. हे नाव आमच्या शेजारीण रझिया आपांनी ठेवलेले. आपा ब्लाऊज शिवतात. सुधाचे सगळे ब्लाऊज त्यांच्याच हातचे. आमच्या आणि त्यांच्या अंगणात एक कमरेएवढी भिंत आहे. नवाब म्हणजे राखाडी पट्ट्यांचा दांडगा बोका, गाल फुगलेले, एक डोळा जुन्या जखमेने अर्धा मिटलेला. मोठ्या वयापर्यंत नसबंदी न झालेल्या बोक्याचे गाल असे भरतात. बघितल्याबरोबर ओळखता येते. आपा त्याला दूध-चपाती घालायला लागल्या आणि तो त्या भिंतीवर राहायला आला.

त्यानंतर दोघांची रोज जुंपू लागली. पंताचा पाय सुजला, मानेला गळू झाले. मांजराच्या चाव्याचे भोक सुईच्या टोकाएवढे, पण आत पू धरतो. मी घरीच धुवून औषधपाणी करत होतो. गल्लीत लोक हसायचे. "काय डॉक्टर, नवाबानं पंतांना पुन्हा धुतलं वाटतं?" मला हसू येत नसे.

मग घरात वास येऊ लागला. आधी दाराची चौकट, मग पुस्तकांच्या कपाटाची खालची फळी. ज्या मांजराला आपला मुलूख धोक्यात आहे असे वाटते, ते घरातच खुणा करायला लागते. मी हे लोकांना शिकवले आहे. एक दिवस बाहेरून आलो तर सुधाच्या खुर्चीवर पिचकारी मारलेली. खुर्चीच्या पाठीवर तिची शाल होती. ती गेल्यापासून मी ती शाल तिथून हलवली नव्हती, कारण जवळ गेले की तिच्या डोक्याच्या तेलाचा वास यायचा.

शाल धुवावी लागली. तीन वेळा धुतली तेव्हा बोक्याचा वास गेला. तेलाचाही गेला.

त्या दिवशी मी खिडकी लावून घेतली ती महिनोन्‌महिने उघडली नाही. आणि आपांच्या दारात जाऊन उभा राहिलो. "आपा, तुमच्या नवाबाचं ऑपरेशन करून टाकू. नाहीतर मला दुसरं काही करावं लागेल."

आपांनी मशीन थांबवले. "करो जी. मगर मैं साथ आऊंगी."

पिंजऱ्यात सुका बोंबील ठेवला आणि नवाब दहा मिनिटांत आत आला. आता माझा दवाखाना डॉ. मृण्मयी चालवते, माझ्याकडेच शिकलेली, हाताने माझ्यापेक्षा हलकी. शेषराव तिच्याकडेही आहेच. नवाबाची नसबंदी झाली, कानाचे टोक गेले. आपा पिंजरा मांडीवर घेऊन रिक्षातून परत आल्या. "कितने दिन, डॉक्टरसाब?"

"सहा आठवडे."

आपांनी कापडावर खुणा करायचा खडू घेतला आणि खिडकीच्या फळीवर पहिल्या आठवड्याची रेघ ओढली.

सहा रेघा झाल्या. नवाब अंगाने भरला, आपांच्या मशीनच्या झाकणावर झोपू लागला. आमच्याकडे मात्र फरक नव्हता. मागचे दार सकाळी उघडले की पंत बाहेर जायचा, भिंतीकडून किंचाळण्याचा आवाज यायचा, आणि पंत परत येऊन कपाटावर खूण करायचा. सातव्या, आठव्या आठवड्यातही तेच. मी ठरवले की नवाब त्या थोड्यांतला आहे, ज्यांची सवय जात नाही. शेषरावच्या ओळखीचा एक टेम्पोवाला अजिंठ्याकडे धान्य न्यायचा. "तिकडं एखाद्या वस्तीवर सोडून द्यायला सांग," मी म्हणालो. मुलखातून उचलून परक्या जागी सोडलेल्या बोक्याचे काय होते, हेही मी लोकांना शिकवलेले होते. तरी म्हणालो.

शेषराव सकाळी पिंजरा घेऊन आला. रझिया आपा फाटकात उभ्या होत्या.

"ले जाना है तो ले जाओ. मी नाही अडवत. पण आधी माझ्याकडं चहा घ्या. तुम्ही रोज तुमच्या घरातून बघता. आज इधर से देखो."

मी आणि शेषराव त्यांच्या खिडकीशी बसलो. भिंतीवर कोवळ्या उन्हात नवाब झोपलेला. थोड्या वेळाने आमच्या मागच्या दारातून पंत आला. भिंतीवर चढला. शेपटी फुगवून, कान आडवे करून, घशातून तो लांब आवाज काढत एकेक पाऊल पुढे. नवाबाने मान वर केली आणि दुसरीकडे वळवली. अंग चोरून पोट भिंतीला टेकवले. मांजरांच्या भाषेत याहून स्पष्ट शरणागती नसते. पंत तरीही गेला आणि त्याने दोन पंजे सलग हाणले. नवाब किंचाळत उडी मारून खिडकीतून आत आला, माझ्या पायांवरून जाऊन मशीनच्या मागे शिरला. अर्ध्या डोळ्याच्या वर ताजे रक्त होते. पंताने आपांच्या दाराकडे पाठ केली, शेपटी थरथरवली, पिचकारी मारली, आणि आमच्या पायरीवर जाऊन सज्जनासारखा पंजे चाटत बसला.

"रोज का है," आपा म्हणाल्या. "सुधाभाभी का बच्चा है, म्हणून मी बोलले नाही."

चहा गार होत होता. शेषरावने घसा साफ केला. "साहेब, पिंजरा तर आणलाय. भरू कोणाला?"

शेषरावला पिंजरा रिकामाच परत न्यायला सांगून मी घरी आलो. परक्या घरातला कोणताही माणूस ही तक्रार घेऊन आला असता तर मी पहिला प्रश्न केला असता, "घरच्या बोक्याची नसबंदी झाली आहे का?" दुसरा, "त्यांना भांडताना तुम्ही स्वतः बघितलं आहे का?" माझ्या घरात हे दोन्ही प्रश्न मी विचारले नाहीत. पंत माझ्या लेखी बोका नव्हताच. तो सुधाच्या मांडीवर बसणारा होता.

आता करायचे काय, हे दिसत होते. पण सुधाचा शब्द होता. शिवाय वयाने नऊ वर्षांचा बोका. भूल दिलेले जनावर उठत नाही असे क्वचित होते, पण माझ्या हयातीत चार-सहा वेळा झालेले आहे, आणि ती मांजरे मला चेहऱ्यानिशी आठवतात. सुधाच्या मागे घरात श्वास घेणारे एवढेच होते. तिने एकच गोष्ट करू नका म्हटले, आणि ती करताना हाही गेला तर?

असे पंधरा दिवस गेले. शेषराव संध्याकाळी येऊन बसायचा, विषय काढायचा नाही. एकदा मात्र म्हणाला, "साहेब, एक बोलू? त्या अजिंठ्याकडच्या दवाखान्यात दोर माझ्याच हातात असायचा. वहिनीसाहेब खिडकी लावायच्या ते मला दिसायचं. एक बार मी पाणी मागाया गेलो तर मला म्हणल्या, 'शेषराव, त्याला झोपवून का करत नाय रे?' मी म्हणलो, झोपवायचं औषध नाय वहिनी. त्या म्हणल्या, 'मग असल्यावर करा की.'" तो पुढे म्हणाला, "त्या हंबरण्याला भ्यायच्या, साहेब. आता औषध हाय. पंत झोपंल अन् उठंल. तुम्हीच तर मांडलाय तो दवाखाना."

चाळीस वर्षे शेषराव माझ्याबरोबर होता. हे त्याने मला कधी सांगितले नव्हते. मी कधी विचारलेही नव्हते.

मृण्मयीने आधी रक्त तपासले. मूत्रपिंडे ठीक, हृदय ठीक. ठरल्या सकाळी पंताला उपाशी ठेवले, टोपलीत घातले, आणि अंगावर ती शाल टाकली. दाराशीच मी टोपली शेषरावच्या हातात दिली. "सर, तुम्ही बाहेर बसा," मृण्मयी म्हणाली, आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो. तो बाक मीच विकत घेतलेला. मालक लोक त्यावर कसे बसत असतील याचा मी कधी विचार केला नव्हता. फार अरुंद आहे. पाठ टेकायला काही नाही.

बोक्याच्या ऑपरेशनला फारच थोडा वेळ लागतो. लहानशा दोन चिरा, टाकाही सहसा लागत नाही. तेवढ्या वेळात मी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता तीन वेळा वाचला. मग दार उघडून मृण्मयी म्हणाली, "झालं, सर. छान झालं. फक्त उठायला थोडा वेळ घेतोय."

"थोडा वेळ घेतोय" हे शब्दही माझेच. मालक घाबरू नये म्हणून, आणि आपण घाबरलो आहोत हे कळू नये म्हणून, मी ते वापरत असे. तिनेही ते माझ्याकडूनच घेतलेले.

मी आत गेलो. पंत कुशीवर पडलेला, पाठीशी गरम पाण्याची पिशवी. हिरड्या गुलाबी होत्या. श्वास होता, पण संथ. मी दोन बोटे त्याच्या छातीवर ठेवली आणि मोजत राहिलो. शेषराव शालीच्या टोकाने त्याचे पंजे चोळत होता. किती वेळ गेला सांगता येणार नाही; त्या दिवशी घड्याळाकडे बघायचे धैर्य मला झाले नाही. मग कानाचे टोक हलले. जीभ बाहेर आली आणि आत गेली. पंताने डोके अर्धे उचलले, ते पुन्हा माझ्या तळहातावर पडले, आणि तो एकदा, अगदी बारीक आवाजात ओरडला.

मी भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसू लागलो.

"लई धुराळा झालाय बघा इथं," शेषराव म्हणाला. खोली त्यानेच सकाळी दोनदा पुसलेली होती.

संध्याकाळी रझिया आपांनी फळीवर पहिल्या सहा रेघांखाली नवी ओळ सुरू केली. "एक," त्या मोठ्याने म्हणाल्या, मला ऐकू जावे म्हणून.

पुढचे खरे तेच लिहितो, कारण अशा गोष्टींत लोकांना चमत्कार हवा असतो. दोन्ही बोके मित्र झालेले नाहीत. भिंतीचा मधला भाग पंत अजून आपला समजतो आणि नवाब तो वळसा घालून जातो. तिसऱ्या आठवड्यात एक झटापट झाली, पाचव्यात नुसती आरडाओरड. कपाटावरची खूण चौथ्या आठवड्यानंतर दिसली नाही. त्यानंतर एकदाच, घरात नवा गालिचा आणला त्या दिवशी. तो गालिचा मी देऊन टाकला. नवाबाच्या डोळ्यावरची जखम भरली. गल्लीतले लोक आता विचारतात, "काय डॉक्टर, तह झाला का?" आणि मला हसू येते.

आपांच्या सहाव्या रेघेचा आठवडा संपला त्या सकाळी मी खिडकी उघडली. कडी गंजली होती, तेल घालावे लागले. पंत आधी कठड्यावर बसला, बाहेर बघितले. भिंतीवर नवाब होता. पंताने बराच वेळ त्याच्याकडे बघितले, मग जांभई दिली आणि खाली उतरून सुधाच्या खुर्चीत, शालीवर, अंग मुडपून झोपला. मी शेजारी पुस्तक घेऊन बसलो. महिनोन्‌महिन्यांनी एक पूर्ण प्रकरण वाचून झाले.

सुधा असती तर दवाखान्यातून आल्याबरोबर तिने मला एकच विचारले असते: ओरडला का? मनात हा प्रश्न मला रोज येतो, आणि उत्तर देताना आता माझे हात लपवावेसे वाटत नाहीत. टेबलावर नाही, सुधा. उठल्यावर एकदा, भूक लागल्यासारखा.